आत्याच्या छतावरची स्विस घंटी: दोन गमले, दोन मरणं

आधीच सांगते, घंटीफुलाचं झाड मेलं. दोन होती खरं तर, एक मार्चमध्ये गेलं आणि दुसरं जूनमध्ये, पण दोघांच्या मरणात जमीन-अस्मानाचा फरक होता म्हणून हे सगळं नीट लिहायला बसलेय. घरात अजून वाद चालू आहे की इंदूरच्या उन्हानं मारलं. उन्हानं एकच मारलं, जूनमधलं. मार्चमधलं आम्ही मारलं, आणि तेही फुलावर असताना.

प्रकरण सुरू झालं 2022 च्या मे महिन्यात. आत्या महिला मंडळाबरोबर युरोप टूरला गेली होती, सत्तरीची आहे पण गुडघे शाबूत. स्वित्झर्लंडमध्ये कुठल्यातरी डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनच्या दुकानातून तिनं बियांचं एक पाकीट आणलं, वर निळ्या घंटीसारख्या फुलाचा फोटो आणि खाली लॅटिनमध्ये कॅम्पॅन्युला रोटुंडिफोलिया. घंटीफुलांच्या कुळातलं हे एक प्रसिद्ध फूल, कॅम्पॅन्युला म्हणजेच छोटी घंटा. आता इथे एक कबुली देऊन टाकते. बाहेरच्या देशातून बी असं पर्समध्ये घालून आणायचं नसतं. 2003 ची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर आहे, परमिट लागतं, तिकडच्या सरकारचं रोग नसल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते योग्यच आहे कारण बीबरोबर बुरशी न् किडेही फुकट प्रवास करतात. हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. आत्याचं म्हणणं, दुकानदार काही बोलला नाही. दुकानदार कशाला बोलेल!

आता जागा. लोकमान्य नगरातलं दुमजली घर, वर मोकळं छत, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे म्हणून आमच्याकडे रात्री जरा बऱ्या असतात, शब-ए-मालवा वगैरे कौतुक त्याचंच, पण मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा छतावर चप्पल घालूनही उभं राहवत नाही. माती काळी, ओली झाली की लोणी आणि वाळली की दगड. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोरिंगचं, ज्यानं बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. अशा ठिकाणी डोंगरातल्या कुरणाचं फूल लावायचं म्हणजे मुळातच वेडेपणा, हे मान्य करूनच पुढे वाचा.

पहिली पेरणी दसऱ्याला, आत्याच्या हातानं. तिनं मेथी पेरतात तसं पेरलं, बोटानं रेघ ओढली, बी टाकलं, वरून माती लोटली, पाणी. महिनाभर काही नाही. बी इतकं बारीक की खसखस त्याच्यापुढे जाड वाटेल, आणि इतक्या बारीक बीच्या पोटात शिदोरीच नसते, ते वर पडून उजेड बघूनच उगवतं, अर्धा इंच मातीखाली घातलं की संपलंच. आमच्या शेजारी एक रिटायर्ड सर राहतात, शेतकी कॉलेजात शिकवायचे, त्यांनी ऐकलं न् कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो वहिनी, हे पेरायचं नसतं, नुसतं शिंपडायचं."

पाकिटात अर्धं बी शिल्लक होतं. ते ओल्या रेतीत मिसळून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून दिवाळीनंतर महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं, म्हणजे बीला वाटावं की हिवाळा होऊन गेला. घरी पाहुणे आले की कोणीतरी डबा उघडायचंच. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते रेतीसकट पसरलं, वर काहीही नाही, फक्त काचेचा तुकडा. एकोणिसाव्या दिवशी हिरवे टिंब दिसले. मोजले तर चौदा. आता फ्रिजमुळे उगवलं की उजेडामुळे ते सांगता येत नाही कारण आम्ही दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, प्रयोग म्हणून हे चूकच. त्या चौदातली दहा जानेवारीपर्यंत मानेतून गळून पडली, काच काढायला उशीर झाला, आत दमट राहिलं आणि बुरशीनं देठाशीच कापलं. ही माझी चूक, आत्याची नाही.

उरली चार. छोटी छोटी गोल पानं, नाण्यासारखी, जमिनीला चिकटून. उन्हाळ्यात ती एका मोठ्या मडक्यात ओली रेती भरून त्यात गमले अर्धे पुरून बाथरूमच्या उत्तरेकडच्या भिंतीला ठेवली, मालव्याच्या मे महिन्यातली हवा कोरडी असते म्हणून ही मडक्याची युक्ती चालते, रेतीतलं पाणी उडतं आणि गमला गार राहतो, पिण्याच्या माठाचंच तत्त्व. मला वाटलं होतं मेमध्ये सगळी जातील, एकही गेलं नाही. गेली ती पावसाळ्यात. हवाच ओली झाल्यावर मडकं काय गार करणार, आणि वरून रात्रीही उकाडा. डोंगरातल्या झाडाला दिवसाचं ऊन एकवेळ सोसतं पण उबदार रात्र सोसत नाही, दिवसा कमावलेलं सगळं रात्री श्वासातच खर्च होतं, कमाई आठ आणे आणि खर्च बारा. सप्टेंबरच्या झोडपणाऱ्या पावसात दोन गेली.

राहिलेल्या दोघांची ही केस. नीट लक्ष द्या कारण इथून दोघांचे रस्ते वेगळे होतात आणि तेही ठरवून नाही.

एक होतं निळ्या प्लास्टिकच्या गमल्यात. दिवाळीला आत्यानं त्याला "जरा मोठं घर" दिलं, म्हणजे बागेतली काळी माती, त्यात निम्मं कंपोस्ट, आणि ठेवलं जिन्याच्या तोंडाशी जिथं येता-जाता दिसेल. दुसरं काठ तुटलेल्या मातीच्या गमल्यात, बिल्डिंगच्या कामातून उरलेली बारीक गिट्टी, रेती आणि थोडी पानांची कुजलेली माती. ते टाकीच्या मागं राहून गेलं. खरंच राहून गेलं, कुणाच्या लक्षातच नव्हतं. टाकीच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी झिरपायचं तेवढंच त्याला मिळायचं.

फेब्रुवारी 2024 मध्ये निळ्या गमल्यातल्या झाडानं मधून एक काडी वर काढली. काडीवरची पानं गोल नाहीत, गवतासारखी लांब आणि अरुंद! आत्या म्हणाली दुसरंच काहीतरी उगवलं, तण असेल, उपटू का. नशीब मी होते. या झाडाचं हेच तर वैशिष्ट्य, खालची पानं गोल आणि दांड्यावरची बारीक, त्यामुळे लिनिअसनं 1753 मध्ये दिलेलं रोटुंडिफोलिया म्हणजे गोल पानांचं हे नाव फुललेल्या झाडाकडे बघून कुणालाच पटत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, खून इथेच झालाय.

मग कळी आली, एकच, टोकाला. आणि ती खाली मान घालून. सर संध्याकाळी चहाला आले होते, भिंग घेऊन बसले आणि म्हणाले, "अगं, पाकिटावरचं नाव चूक दिसतंय." रोटुंडिफोलियाची कळी सरळ आकाशाकडे बघते आणि उमलताना वाकते, इथे कळीच वाकलेली, शिवाय खालच्या बाजूच्या पानांच्या कडेला बारीक केस, आणि रंग फोटोतल्यापेक्षा गडद, जांभळ्याकडे झुकणारा. म्हणजे हे त्याचं डोंगरातलं भावंड, कॅम्पॅन्युला शॉइख्त्सेरी. हे नाव आत्याला तीनदा सांगितलं, शेवटी तिनं त्याचं शेवखेरी करून टाकलं, इंदूरला शेवेशिवाय काही सुटतं का. रोटुंडिफोलिया समुद्राकाठच्या वाळूपासून डोंगरापर्यंत कुठेही राहतं, हे शेवखेरी मात्र आल्प्स, पिरेनीज अशा पर्वतांवरच्या कुरणांतलं, बऱ्याचदा दांड्यावर एकच फूल. म्हणजे आम्ही समजत होतो त्यापेक्षा पेशंट जास्तच नाजूक निघाला.

फूल उमललं त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले, मोबाइलला वीस-पंचवीस रुपयेवाली क्लिप-लेन्स लावून अर्धा तास बसले होते. आत वाकून बघितलं तर पुंकेसर आधीच वाळून तळाशी गोळा होऊन पडलेले, मला वाटलं झाडाला रोग आहे. रोग नव्हता. या कुळाची पद्धतच अशी की परागकण कळी बंद असतानाच मधल्या दांडीवर लावून ठेवले जातात, त्या दांडीवर बारीक केस असतात, बाटली धुवायचा ब्रश असतो ना तसे, आणि फूल उघडतं तेव्हा पुंकेसरांचं काम संपलेलं असतं. पहिले दोन दिवस फूल नुसतं नर. माशी येऊन त्या ब्रशाला घासून जाते, कण संपत येतात तसे केस आत ओढले जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दांडीचं टोक तीन फाट्यांत उघडून मागे वळतं, मग फूल मादी. तो वळलेला तिहेरी फाटा मी स्वतः बघितला, पाचव्या दिवशी सकाळी, बाहेर कचरा गाडीचं गाणं वाजत होतं आणि मी भिंगात डोकं घालून. युरोपात केलोस्टोमा नावाच्या इवल्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आहेत, त्यांचे नर रात्री या घंट्यांतच झोपतात. आमच्याकडे एक बारकी माशी आली, आत डोकावली, गेली. बी धरलं नाही.

आणि याच आठवड्यात तळाची गोल पानं पिवळी पडायला लागली.

घरात हलकल्लोळ. इतक्या दिवसांनी फूल आलं आणि झाड वाळतंय! आत्यानं पाणी वाढवलं, रोज दोन वेळा. माळीभाऊ आला, बघितलं, म्हणाला, "दीदी, इसमें तो जान ही नहीं है, खाद डालो." मग आत्यानं वरून दोन ओंजळी कंपोस्ट घातलं. तिच्या कंपोस्टवर बोलायची सोय नाही, ओला-सुका कचरा वेगळा करायच्या आधीपासून ती घरात खड्डा करते, आणि इंदूरकर माणसाला खताचा अभिमान असायला कारणही आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीतज्ज्ञ 1924 ते 1931 इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, खालीवर करून तीनेक महिन्यांत खत करायची त्यांची पद्धत जगात इंदूर प्रोसेस याच नावानं गेली. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर दुसरं नाव आपल्या यशवंत वाडांचं आहे. सर आत्याला हे दर वर्षी सांगतात आणि ती दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी खूश होते. तर अशा घरात खत घालू नका हे कुणी कुणाला सांगायचं?

मी सांगायला हवं होतं. मीच तर वाचलं होतं की या झाडाची तळाची गोल पानं फुलायच्या वेळेपर्यंत आपोआप वाळून जातात. म्हणूनच तर नावाचा तो घोळ. फुलाला आलेल्या झाडाची गोल पानं पिवळी पडणं म्हणजे आजार नव्हेच, दुधाचे दात पडण्यासारखं आहे. पण समोर पिवळं पान दिसलं की वाचलेलं सगळं डोक्यातून जातं, मलाही वाटलं थोडं पाणी दिलं तर काय बिघडतं.

अकरा दिवसांनी दांडा खालपासून मऊ पडला. 9 मार्चला सकाळी आडवा झाला. तोडून बघितला तर चीक नावालाच, हे कुळ दुधाळ चिकाचं, जिवंत दांडा मोडला की पांढरा थेंब यायलाच हवा.

पोस्टमॉर्टेम त्याच संध्याकाळी, पेपर पसरून. गमला उलटा केला तर माती निघेना, काळ्या मातीचा साच्यातून काढल्यासारखा गोळा झालेला, खालचं भोक आत्यानं माती जाऊ नये म्हणून खापराच्या तुकड्यानं नीट बंद केलेलं. वास आला, तुंबलेल्या मोरीचा येतो तो. मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल निघून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी राहायचं. वरच्या दोन इंचात, जिथं नवं कंपोस्ट होतं, तिथं दांड्याची मानच कुजलेली. गमल्याच्या कडेला बोरिंगच्या पाण्याचा पांढरा थर होता, त्यावर माझा आधी संशय होता पण हे शेवखेरी चुनखडीच्या डोंगरातही वाढतं आणि नसलेल्याही, त्यामुळे पाण्याला मी निर्दोष सोडलं. रीपोर्ट एका ओळीचा, मुळं गुदमरली. पाणी जास्त, हवा बंद, खत जास्त, त्यात मार्चची ऊब.

हे सगळं नुसता अंदाज म्हणूनही सोडून देता आलं असतं, पण टाकीमागचा गमला होता ना. तो आम्हाला त्या दिवशी आठवला. आत्याच गेली बघायला आणि तिथून ओरडली. त्याचीही गोल पानं वाळलेली, अगदी तशीच, एकही शिल्लक नाही, पण मधून दोन काड्या ताठ वर आणि एकावर कळी मान घालून लटकलेली. कुणी पाणी वाढवलं नाही, कुणी खत घातलं नाही, कुणाला दिसलंच नाही तर घालणार कोण! ते मार्चच्या अखेरीला फुललं, नऊ दिवस टिकलं. फूल निळ्या गमल्यातल्यापेक्षा लहान पण रंग जास्त गडद, आणि दांडा काडेपेटीतल्या काडीसारखा कडक. एकच बी, एकच पाकीट, एकच छत, पानं दोघांची सारखीच वाळली. फरक मातीचा आणि आमच्या लक्षाचा.

नंतर मी आल्प्समधल्या कुरणांबद्दल जरा खोलात वाचलं तेव्हा उलगडा झाला की ही फुलं तिथं असतात ती जमीन सुपीक म्हणून नाही, उलट हलकी म्हणून. शेकडो वर्षं तिथले लोक ते गवत कापून सुकवून गुरांसाठी घेऊन जातात, म्हणजे जमिनीतून दर वर्षी काढतच राहतात, त्यामुळे गवत उंच वाढत नाही आणि वीतभर उंचीच्या घंटीला ऊन मिळतं. कुरणात खत टाकलं की दांडगी गवतं माजतात आणि ही बारकी मंडळी दोन-चार वर्षांत गायब. तेच कुरण कापायचं बंद केलं तरी गायब. म्हणजे शेवखेरीला हवी गरिबी, निचरा आणि गार रात्र. पहिल्या दोन गोष्टी टाकीमागं चुकून मिळाल्या. तिसरी आम्ही देऊ शकत नाही, 2024 चा मे असा काही तापला की मडक्यातली रेती सकाळी भिजवली की दुपारी कोरडी, आणि जूनच्या पहिल्या दमट आठवड्यात ते झाड शांतपणे गेलं. त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं पण टोचणी नाही. निळ्या गमल्याची टोचणी अजून आहे.

पुन्हा करायचं झालं तर, लोक विचारतात म्हणून सांगते, मी हे करणारच नाही. घंटीफुलाची हौस असेल तर नर्सरीत कँटरबरी बेल्सची रोपं थंडीत मिळतात, तेही याच कुळातलं, डिसेंबर-जानेवारीत आणा, फुलं बघा, उन्हाळ्यात रडू नका. आणि ज्यांना पाकिटाचाच नाद आहे त्यांनी गिट्टी-रेती निम्म्याहून जास्त घ्या, भोक उघडं ठेवा आणि गमला नजरेआड ठेवा. शेवटची अट सगळ्यात कठीण, विशेषतः घरात आत्या असेल तर.

एक गोष्ट राहिली. सरांनी बोलता बोलता सांगितलं की आपला देवनळ, म्हणजे सह्याद्रीतली रानतंबाखू, तोही याच कुळातला. आत्याचं माहेर वाईचं. ती एकदम उठून बसली. लहानपणी पाचगणीच्या वाटेवर माणसापेक्षा उंच पांढऱ्या तुऱ्यांची झाडं तिनं बघितलेली, पोकळ दांड्याची, आई ओरडायची हात लावू नका विषारी आहे म्हणून, आणि आहेच विषारी. त्याच्या फुलातही तीच युक्ती, फक्त तिथे पुंकेसर जोडून नळी झालेली असते आणि आतून वाढणारी दांडी पिचकारीसारखे कण बाहेर ढकलते. "म्हणजे मी सत्तर वर्षांची झाले आणि घंटी बघायला स्वित्झर्लंडला गेले," असं म्हणून ती बराच वेळ हसत होती.

आता थंडीत वाईला जायचं ठरतंय, देवनळ फुलतो त्या सुमाराला. बी आणायचं नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. हो म्हणाली. मग बॅगेत श्रीखंडाचा रिकामा डबा कशाला ठेवलाय विचारलं तर म्हणे, लाडू न्यायला.